दूरच्या सर्व्हरवरचा स्वतःचा इंटरप्रिटर ज्युपिटरला जोडायचा आहे: 'कनेक्टिंग'च्या पुढे जात नाही

पाणकळा (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी.

आमच्या गटाने सिग्नल प्रक्रियेसाठी एक लहानशी भाषा तयार केली आहे. तिचा इंटरप्रिटर (कोड वाचून चालवणारा प्रोग्रॅम) सी++ मध्ये लिहिलेला आहे आणि तो फक्त एका लिनक्स सर्व्हरवर चालतो. डेटाही तिथेच आहे आणि तो हलवण्याच्या आकाराचा नाही. माझं रोजचं काम मात्र लॅपटॉपवरच्या ज्युपिटरलॅबमध्ये (ब्राउझरमधल्या नोटबुकात सेल-सेल करून कोड चालवण्याचं साधन) चालतं. तिथे पायथन आणि आर हे दोन्ही कर्नल (सेलमधला कोड प्रत्यक्ष चालवणारे प्रोग्रॅम) आहेत. त्याच यादीत आमच्या भाषेचं नाव यावं, ते निवडलं की सेलमधला कोड सर्व्हरवर चालावा आणि उत्तर इथे दिसावं, एवढं हवं आहे.

आतापर्यंत केलेलं असं: आयपायकर्नलमधला (ज्युपिटरचा पायथन कर्नल) मूळ कर्नल क्लास घेऊन पायथनमध्ये एक आवरण लिहिलं. ते पीएक्सपेक्ट (दुसरा प्रोग्रॅम टर्मिनलमधून हाताळणारी पायथन लायब्ररी) वापरून इंटरप्रिटर सुरू करतं, कोड पाठवतं आणि पुढचा प्रॉम्प्ट येईपर्यंत वाचत राहतं. सर्व्हरवर थेट बसून चालवलं तर उत्तम चालतं. मग लॅपटॉपवरच्या कर्नल डॉट जेसनमध्ये (कर्नल कसा सुरू करायचा ते सांगणारी फाइल) आदेश म्हणून एसएसएच (दूरच्या मशीनशी सुरक्षित जोडणी करणारा आदेश) टाकलं, पुढे सर्व्हरचं नाव, त्यापुढे आवरण सुरू करण्याचा आदेश आणि शेवटी महिरपी कंसात कनेक्शन_फाइल.

मेन्यूत नाव येतं. निवडल्यावर सर्व्हरवर प्रोसेस सुरू झालेली दिसते, लॉगमध्ये एकही एरर नाही. पण नोटबुकच्या कोपऱ्यात 'कनेक्टिंग' येतं आणि तसंच राहतं. एरर आली असती तर निदान धागादोरा सापडला असता.

---

रात्रपाळी

एरर का येत नाही ते सांगतो, म्हणजे बाकीचं आपोआप उलगडेल.

नोटबुक आणि कर्नल एकमेकांशी स्टँडर्ड इनपुट-आउटपुटवर बोलत नाहीत. ते झीरोएमक्यू या संदेश पोचवणाऱ्या लायब्ररीच्या पाच सॉकेटवर बोलतात: शेल, आयओपब, स्टडइन, कंट्रोल आणि हार्टबीट. कोड शेलवर जातो. छापलेला मजकूर, आकृत्या आणि 'व्यस्त-मोकळा' ही अवस्था आयओपबवर येते. वापरणाऱ्याकडून काही विचारून घ्यायचं असेल तर स्टडइन, थांबवण्या-बंद करण्याचे आदेश कंट्रोलवर. हार्टबीटवर जे बाइट जातील ते जसेच्या तसे परत येतात.

हे पाच पोर्ट कोणते, पत्ता कोणता आणि संदेशांवर सही करायची किल्ली कोणती, हे सगळं कनेक्शन फाइलमध्ये असतं. ती फाइल तुमच्या लॅपटॉपवर तयार होते. एसएसएचमधून सर्व्हरला जातो तो फक्त तिचा मार्ग, फाइल जात नाही. आयपायकर्नलला त्या मार्गावर फाइल सापडली नाही तर तो रडत बसत नाही, तिथे स्वतःच नवी फाइल तयार करतो: नवे पोर्ट, नवी किल्ली. म्हणजे सर्व्हरवर एक धडधाकट कर्नल भलत्याच पोर्टवर वाट बघतोय आणि लॅपटॉप आपल्याच १२७.०.०.१ वर (प्रत्येक मशीनचा स्वतःसाठीचा पत्ता) हाका मारतोय. दोघांच्या दृष्टीने सगळं सुरळीत, म्हणून एरर नाही.

खात्री करायची असेल तर दोन्हीकडच्या कनेक्शन फाइल उघडून पोर्टचे आकडे ताडून बघा.

---

अर्धविराम

रात्रपाळींचं निदान बरोबर आहे, पण उपाय करण्याआधी एक कळकळीचं सांगणं आहे. हे पाच सॉकेट नेटवर्कवर ताणू नका. प्रोटोकॉल तसं करू देतो, तरीही.

कर्नल आणि त्याला सांभाळणारा ज्युपिटर सर्व्हर शेजारी-शेजारी, एकाच मशीनवर ठेवा आणि लांबचा प्रवास फक्त एचटीटीपी आणि वेबसॉकेटला करू द्या. त्या लिनक्स मशीनवरच ज्युपिटरलॅब सुरू करा, ब्राउझर उघडू नको असा पर्याय द्या, आणि लॅपटॉपवरून एसएसएचच्या 'एल' पर्यायाने ८८८८ हा एकच पोर्ट इकडे आणा. कर्नल डॉट जेसन साधा-सरळ राहील, त्यात एसएसएचचं नावही नको. स्टॉप बटण चालेल, रीस्टार्ट चालेल, कर्नल मेला तर लगेच कळेल.

शिवाय लॅपटॉप झोपला तरी कर्नल चालू राहतो. जोडणी तुटलेली असताना आलेले संदेश ज्युपिटर सर्व्हर साठवून ठेवतो आणि तेच सत्र परत जोडलं की सोडतो. टॅबच बंद केला तर मात्र मधल्या काळातलं आउटपुट नोटबुकमध्ये भरलं जाईल यावर विसंबू नका. लांबलचक कामाचे निकाल कोडमधूनच फाइलमध्ये लिहा.

---

पाणकळा

रात्रपाळी, पोर्ट ताडून पाहिले. पाचही वेगळे, किल्लीही वेगळी. अगदी तुम्ही म्हणालात तेच.

अर्धविराम, तुमचा मार्ग पटतो, पण माझी अडचण अशी की एका सत्रात मला लॅपटॉपवरचा आर कर्नल आणि सर्व्हरवरची आमची भाषा दोन्ही लागतात. नोटबुकच्या फाइलीही लॅपटॉपवरच्या गिटमध्ये आहेत. दोन ज्युपिटरलॅब दोन टॅबमध्ये उघडून फाइली इकडून तिकडे नेणं नको वाटतं. गेटवे नावाचा प्रकार आहे म्हणे, त्याने जमेल का?

---

खडूफळा

गेटवेचा मी बराच वापर केला आहे. ज्युपिटर सुरू करताना गेटवेचा पत्ता दिला की नोटबुकच्या फाइली इथे राहतात आणि कर्नल तिकडे चालतात, म्हणजे तुमची अर्धी गरज भागते. पण पत्ता दिल्याक्षणी कर्नलचा सगळाच कारभार गेटवेकडे जातो. यादीत फक्त तिकडचे कर्नल दिसतात आणि लॅपटॉपवरचा आर यादीतून नाहीसा होतो. तुम्हाला तेच नको आहे.

व्हीएस कोड या संपादकात नोटबुक उघडायची तयारी असेल तर तिथे हे सोपं आहे. प्रत्येक नोटबुकसाठी कर्नल वेगळा निवडता येतो, आणि 'चालू असलेला ज्युपिटर सर्व्हर' हा पर्याय घेऊन पत्ता आणि टोकन दिलं की झालं. एक नोटबुक लॅपटॉपच्या आरवर, दुसरी सर्व्हरच्या कर्नलवर, दोन्ही एकाच खिडकीत. अर्धविराम म्हणतात तसा सर्व्हर तिकडे आणि एकच पोर्ट इकडे. मी तुमच्या जागी असते तर हेच केलं असतं.

---

पाणकळा

व्हीएस कोडचं ध्यानात ठेवते, पण गटातली बाकीची मंडळी ज्युपिटरलॅबमध्येच आहेत आणि हे शेवटी सगळ्यांनाच द्यायचं आहे. पाच सॉकेट ताणायचेच ठरवले तर नीट कसे ताणायचे?

---

रात्रपाळी

ठीक आहे, मग नीटच करू. कर्नल डॉट जेसनमध्ये थेट एसएसएच न टाकता लॅपटॉपवरच एक मध्यस्थ स्क्रिप्ट लिहा. तो ज्युपिटरने दिलेली कनेक्शन फाइल वाचेल. त्यातले पाच पोर्ट लॅपटॉपच्या बाजूचे. सर्व्हरवर तेच आकडे मोकळे असतील असं धरून चालू नका, विशेषतः त्या मशीनवर अनेकजण काम करत असतील तर. सर्व्हरवरचे पाच मोकळे पोर्ट वेगळे शोधा आणि एसएसएचला पाच 'एल' पर्याय द्या: इकडचा शेल तिकडच्या शेलला, इकडचा आयओपब तिकडच्या आयओपबला, याप्रमाणे. किल्ली आणि सहीची पद्धत, म्हणजे एचमॅक-शा२५६, दोन्हीकडे तीच राहायला हवी. ती जुळली नाही तर संदेश पोचूनही टाकून दिले जातात आणि पुन्हा तुमचं ते 'कनेक्टिंग'.

सर्व्हरवरच्या कर्नलचा पत्ता १२७.०.०.१ च ठेवा. सगळे पत्ते खुले करणारं ०.०.०.० लिहून एसएसएचची कटकट वाचवा, असे सल्ले सर्रास वाचायला मिळतात. कृपा करून ते ऐकू नका. किल्लीने फक्त सही होते. संदेश कोणी पाठवला ते तपासलं जातं, मजकूर झाकला जात नाही. तुमचा कोड आणि डेटा नेटवर्कवर उघडा फिरेल. आणि किल्ली कोणाच्या हाती लागली तर त्याला तुमच्या खात्यावर हवा तो कोड चालवता येईल.

त्याच कारणाने किल्ली आदेशाच्या ओळीत पाठवू नका. चालू प्रोसेसची यादी देणारा पीएस हा आदेश चालवणाऱ्या कुणालाही ती दिसते. जेसनचा मजकूर एका ओळीत करून एसएसएचच्या स्टँडर्ड इनपुटमधून पाठवा. पलीकडे आवरण ती ओळ वाचेल, फक्त मालकालाच वाचता येईल अशी फाइल लिहील आणि कर्नल सुरू करेल. ती ओळ पाठवल्यावर इनपुट बंद करू नका, उघडंच ठेवा. त्याचा उपयोग पुढे आहे.

आणखी एक. एसएसएचमधून थेट आदेश चालवला की लॉगिनच्या वेळची मांडणी बहुतेकदा वाचली जात नाही, त्यामुळे कोंडा (पायथनची पॅकेजेस सांभाळणारं साधन) किंवा स्वतःचे मार्ग सापडत नाहीत. पायथनचा पूर्ण मार्ग लिहा. पासवर्ड विचारला जाऊन प्रोसेस अडकू नये म्हणून बॅचमोड चालू ठेवा, आणि इकडचा पोर्ट बांधता आला नाही तर एसएसएचने लगेच बाहेर पडावं म्हणून एक्झिटऑनफॉरवर्डफेल्युअरला होकार द्या.

---

पाणकळा

चाललं! नाव निवडलं, 'आयडल' दिसलं, पहिल्या सेलचं उत्तर आलं. खूप आनंद झाला, मनापासून आभार.

आता पुढचं. लांब चालणारा सेल थांबवायला स्टॉप बटण दाबलं की इंटरप्रिटर थांबत नाही, उलट सगळा कर्नलच मरून पुन्हा सुरू होतो आणि आधीचे सगळे व्हेरिएबल जातात. आणि अशा प्रत्येक वेळी सर्व्हरवर जुना इंटरप्रिटर तसाच चालू राहिलेला सापडतो.

---

अर्धविराम

सॉकेट ताणू नका म्हणालो ते यासाठीच. पण आता इथवर आलाच आहात तर हे सोडवता येण्यासारखं आहे.

स्टॉप दाबल्यावर ज्युपिटर डीफॉल्टनुसार कर्नलच्या प्रोसेसला सिगइंट, म्हणजे काम थांबवण्याचा सिग्नल, पाठवतो. त्याच्या लेखी कर्नलची प्रोसेस म्हणजे लॅपटॉपवरचा तुमचा स्क्रिप्ट. सिग्नल तिथेच संपतो: स्क्रिप्ट मरतो, एसएसएच मरतं. कर्नल जिवंत आहे का हे ज्युपिटर सर्व्हर प्रोसेस बघूनच ठरवतो, डीफॉल्ट दर ३ सेकंदांनी. त्याला ती मेलेली दिसते, मग तो नवी सुरू करतो. हार्टबीट वगैरे तिथे कुणी विचारत नाही.

उपाय: कर्नल डॉट जेसनमध्ये इंटरप्ट_मोड या नोंदीला 'मेसेज' ही किंमत द्या. प्रोटोकॉलच्या ५.३ आवृत्तीपासून ही सोय आहे. मग सिग्नलऐवजी कंट्रोल चॅनलवर थांबवण्याची विनंती जाते आणि ती तुमच्या एसएसएचच्या बोगद्यातून थेट सर्व्हरवर पोचते. आयपायकर्नल ६ पासून कंट्रोल चॅनल वेगळ्या थ्रेडवर (त्याच प्रोसेसमध्ये समांतर चालणारी कामाची धार) चालतो, त्यामुळे मुख्य थ्रेड इंटरप्रिटरच्या उत्तराची वाट बघत असला तरी विनंती स्वीकारली जाते. ती आली की कर्नल स्वतःलाच सिगइंट पाठवतो आणि तुमच्या डू_एक्झिक्यूटमध्ये (सेलचा कोड चालवणारं आवरणातलं फंक्शन) कीबोर्डइंटरप्ट उठतो. तो पकडा, पीएक्सपेक्टच्या सेंडइंटरने इंटरप्रिटरला कंट्रोल-सी पाठवा आणि पुन्हा प्रॉम्प्ट येईपर्यंत वाचा. तसं वाचलं नाही तर आधीच्या सेलचं उरलंसुरलं आउटपुट पुढच्या सेलखाली येतं.

अर्थात तुमच्या इंटरप्रिटरने सिगइंट आल्यावर न मरता प्रॉम्प्टवर परत यायला हवं. सी++ चा कोड तुमचाच आहे, तेव्हा ते आधी तपासा.

---

रात्रपाळी

मागे राहणाऱ्या प्रोसेसचं: स्टँडर्ड इनपुट उघडं ठेवा म्हणालो होतो ते यासाठी. सर्व्हरवरच्या आवरणात एक छोटा थ्रेड फक्त ते इनपुट वाचत बसू दे. लॅपटॉपवरचा स्क्रिप्ट कसाही गेला, अगदी जबरदस्तीने मारला गेला, तरी पाइपचं त्याच्याकडचं टोक बंद होतं, एसएसएचला फाइल संपल्याची खूण मिळते आणि ती पलीकडे पोचते. थ्रेडला ती दिसली की त्याने आधी इंटरप्रिटर संपवावा आणि मग स्वतः बाहेर पडावं.

नेटवर्कच मधे तुटलं तर ही खूण पोचणार नाही. त्यासाठी लॅपटॉपच्या बाजूला सर्व्हरअलाइव्हइंटरव्हल आणि सर्व्हरच्या बाजूला क्लायंटअलाइव्हइंटरव्हल हे एसएसएचचे पर्याय लावतात, ते पलीकडचं टोक जिवंत आहे का हे अधूनमधून तपासतात. दुसरं सर्व्हर सांभाळणाऱ्याच्या हातात असतं, त्यांच्याकडून लावून घ्या.

---

निळीशाई

या सगळ्या स्क्रिप्टच्या खटाटोपाला आता अधिकृत जागा आहे, ती इथे नोंदवते. ज्युपिटर क्लायंट या कर्नल सुरू करणाऱ्या आणि सांभाळणाऱ्या लायब्ररीच्या ७ व्या आवृत्तीपासून (२०२१) 'कर्नल प्रोव्हिजनर' आले. कर्नलची प्रोसेस कशी सुरू करायची, जिवंत आहे का ते कसं विचारायचं, सिग्नल कसा द्यायचा, मारायचं कसं आणि मागची झाडलोट कशी करायची, हे सगळं एका क्लासमध्ये स्वतः लिहिता येतं. पायथन पॅकेजच्या एंट्री पॉइंटमधून तो नोंदवायचा आणि कर्नल डॉट जेसनच्या मेटाडेटात त्याचं नाव द्यायचं. काही दिलं नाही तर लोकल-प्रोव्हिजनर वापरला जातो, म्हणजे आजवरची नेहमीची वागणूक.

फायदा कुठे, तर 'जिवंत आहे का' याचं उत्तर तुमच्या हातात येतं. स्क्रिप्टच्या पद्धतीत एसएसएच जिवंत म्हणजे कर्नल जिवंत असं ज्युपिटर समजतो. प्रोव्हिजनरमध्ये तुम्ही सर्व्हरवरची खरी प्रोसेस विचारू शकता. एकटीने वापरायचं असेल तर स्क्रिप्ट पुरे. पाणकळा, तुम्हाला गटाला द्यायचं आहे, तेव्हा प्रोव्हिजनर लिहा. पायथन पॅकेज बसवणाऱ्या पिपच्या एका आदेशात सगळ्यांकडे पोचेल आणि प्रत्येकाच्या लॅपटॉपवरचे स्क्रिप्ट सांभाळत बसावं लागणार नाही.

---

कोरापाट

मधेच विचारतो, विंडोजवर यातलं काय बदलतं?

---

निळीशाई

कर्नलचा फोल्डर. लिनक्सवर तो घरच्या फोल्डरातल्या लपलेल्या लोकलमध्ये शेअर, त्यात ज्युपिटर, त्यात कर्नल्स असा असतो. विंडोजवर अ‍ॅपडेटाच्या रोमिंगमध्ये ज्युपिटर, त्यात कर्नल्स. 'कर्नलस्पेक लिस्ट' हा ज्युपिटरचा आदेश दिला की सापडलेले सगळे कर्नल मार्गासकट दिसतात. स्टॉपसाठी मेसेज मोडच ठेवा, म्हणजे विंडोजच्या सिग्नलच्या भानगडीत पडावं लागत नाही.

---

खडूफळा

पाणकळा, मला तुमच्या पीएक्सपेक्टच्या आवरणाबद्दल बोलायचं आहे, कारण पुढचा त्रास तिथून येणार आहे.

प्रॉम्प्ट ओळखून आउटपुट संपलं असं ठरवणं ही पद्धत दुसऱ्याच्या इंटरप्रिटरसाठी आहे, ज्याचा कोड आपल्या हातात नसतो. कुणी प्रॉम्प्टसारखाच मजकूर छापला की आवरण फसतं. अनेक ओळींचा सेल आला की मधले अपूर्ण-ओळीचे प्रॉम्प्ट सांभाळावे लागतात. चूक झाली की नाही हे मजकूर वाचून ओळखावं लागतं, आणि तेच सर्वांत धोक्याचं. 'सगळे सेल चालवा' म्हटल्यावर ज्युपिटर चुकलेल्या सेलनंतर थांबतो, तो केवळ एक्झिक्यूट_रिप्लायमध्ये (सेल चालल्यावर कर्नल पाठवतो तो उत्तराचा संदेश) 'एरर' असं आलं तरच. आवरणाने न समजून 'ओके' पाठवलं तर पुढचे सगळे सेल चुकीच्या स्थितीवर चालत जातात आणि निकाल दिसायला अगदी व्यवस्थित दिसतात. सिग्नल प्रक्रियेत असे निकाल कुणाच्या लक्षात येणार?

इंटरप्रिटर तुमचा आहे, मग त्यालाच एक यंत्रासाठीचा मोड द्या. आधी लांबीचा आकडा, मग तेवढा मजकूर. उत्तरात अवस्था, आउटपुट आणि चूक ही तीन खाती वेगळी. प्रॉम्प्ट नको, रंगांच्या खुणा नकोत. फक्त प्रत्येक उत्तरानंतर फ्लश करायला विसरू नका. समोर टर्मिनल नसेल तर सी++ चं आउटपुट बफरमध्ये साठून राहतं आणि सेल कायमचा व्यस्त दिसतो.

याहून पुढे जायचं तर झ्यूस बघा. ती सी++ मधली लायब्ररी आहे आणि ज्युपिटरचा सगळा प्रोटोकॉल तीच सांभाळते. तिच्या इंटरप्रिटर क्लासमधून तुमचा क्लास काढायचा आणि कोड चालवणं, शब्द पुरे करणं, कर्नलची माहिती देणं अशी मोजकी फंक्शन्स भरायची. मधलं पायथनचं आवरणच उरत नाही.

---

पाणकळा

खडूफळा, एररचा मुद्दा वाचून लगेच तपासलं. आमचं आवरण खरोखरच प्रत्येक वेळी 'ओके' पाठवत होतं. हे आधी दुरुस्त करते, बाकी सगळं नंतर. गटात बोलून यंत्रासाठीचा मोड घालायचं ठरवलं आहे, झ्यूस त्यानंतर बघू. इंटरप्ट_मोड बदलल्यावर स्टॉप चालायला लागलं, आणि इनपुट वाचणारा थ्रेड घातल्यावर सर्व्हरवर मागे काही उरत नाही.

दोन लहान प्रश्न राहिले. मोठा अ‍ॅरे छापला की आउटपुट मधेच थांबतं आणि डेटा दराबद्दल काहीतरी सूचना येते. आणि आमच्या भाषेच्या कोडला रंग येत नाहीत.

---

रात्रपाळी

पहिलं: ज्युपिटर सर्व्हर आयओपबवरच्या डेटाला मर्यादा घालतो, डीफॉल्ट सेकंदाला १०,००,००० बाइट. आयओपब_डेटा_रेट_लिमिट वाढवता येतं. पण अख्खा अ‍ॅरे छापला तर तो बोगद्यातून येणार आणि नोटबुकच्या फाइलमध्येही बसणार, तुमचं गिट फुगेल. इंटरप्रिटरनेच अ‍ॅरेची सुरुवात, शेवट आणि आकार एवढंच छापावं असं करून घ्या. सगळा हवा असेल तर सर्व्हरवर फाइलमध्ये.

---

निळीशाई

दुसरं: कर्नलच्या माहितीत लँग्वेज_इन्फो नावाचा भाग असतो. त्यात भाषेचं नाव, माइमटाइप, फाइलचं एक्स्टेन्शन आणि कोडमिररचा (ज्युपिटरलॅबमधला कोड संपादक) मोड देता येतो. तुमची भाषा एखाद्या प्रचलित भाषेसारखी दिसत असेल तर तिचाच मोड लिहा, बऱ्यापैकी रंग येतील. ज्युपिटरलॅबला मुळात माहीत नसलेलं व्याकरण हवं असेल तर लॅबचं एक्स्टेन्शन लिहावं लागतं आणि ते प्रत्येकाच्या लॅपटॉपवर बसवावं लागतं. प्रोव्हिजनरच्याच पॅकेजमध्ये ते घातलंत तर दोन्ही एकदम बसतील.

---

पाणकळा

आमची भाषा मॅटलॅबच्या वळणाची आहे, त्यामुळे कोडमिररचा ऑक्टेव्ह मोड लिहून बघते. प्रोव्हिजनर लिहायला घेतला आहे, पोल आणि किल झाले, क्लीनअप राहिलं आहे. तयार झाला की कोड इथेच टाकेन.